लाइफबोटीआडची खिडकी

बोटीवर यायला बायको तयार झाली ती दोन अटींवर. केबिनला खिडकी हवी, आणि चारही रात्री गोळीशिवाय झोप लागेल इतकी शांतता हवी. दोन्हींतलं एक जरी नसलं तर मी एकट्यानं जावं आणि येताना तिच्यासाठी एखादा नारळ आणावा, असं तिनं कणीक मळता मळता सांगितलं. आवाज अजिबात चढला नव्हता. पंचवीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं होतं, की तिचा आवाज चढला तर बोलणी अजून चालू आहेत असं समजायचं, आणि चढला नाही तर निकाल लागलेला आहे.

दोन हजार साल उलटून पाचेक वर्षं झाली असतील. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणारी मोठी प्रवासी बोट तेव्हा नवी नवी सुरू झाली होती आणि आमच्या वसईतल्या ट्रॅव्हलवाल्यांच्या काचांवर तिचे पांढरेशुभ्र फोटो झळकत होते. मुलगी नोकरीला पुण्यात. लग्नाला पंचवीस वर्षं होत आलेली. ऑफिसातले दोघं जाऊन आले होते आणि जेवणाच्या सुट्टीत बोटीवरच्या जेवणाची वर्णनं करून आमचे डबे बेचव करत होते. तेव्हा जायचं हे मी ठरवून टाकलं. मी नेहमी आधी ठरवतो आणि मग विचारतो.

बायकोच्या झोपेचं प्रकरण मात्र गमतीचं नव्हतं. वसई पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्हाला अकरा वर्षं झाली होती, आणि आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली बिल्डिंगची पंप रूम होती. त्या काळी आमच्याकडे पाणी त्याच्या मनाला येईल तेव्हा यायचं. नळाला आलं नाही तर टँकर, आणि टँकर मिळेल त्या वेळेला. दोन वाजता येवो की चारला, तो आला की खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर सुरू व्हायची. आधी एक दणका, मग घरघर, आणि ती घरघर पलंगाच्या पायांतून थेट उशीत. मी झोपतो तो दगडासारखा, त्यामुळे मला हे सगळं ऐकीव. बायकोला मात्र एकदा जाग आली की दूधवाला येईपर्यंत डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी गोळी दिली. अर्धीची एक झाली. मोटर चालू नसली तरी ती आता होईल, मग होईल, असं ऐकत ती पडून राहायची.

ती शाळेत शिक्षिका. त्या वर्षी एकदा भर वर्गात, मुलं शुद्धलेखन लिहीत असताना, खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मुलांनी आवाज न करता लिहून वह्या मिटून ठेवल्या, पण बातमी बाहेर गेलीच. मुख्याध्यापिकांनी बोलावून गोड शब्दांत विचारपूस केली. तो गोडवा तिला फार लागला. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "माझी झोप कायमची गेलीय की नुसती दबलीय, एवढं एकदा बघायचंय मला." चार रात्री मोटरपासून लांब, आणि गोळी घरी ठेवून. बोटीची सहल माझ्यासाठी सहल होती, तिच्यासाठी परीक्षा.

खिडकीचं कारण त्याहून जुनं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही विरारला मनवेलपाड्यातल्या चाळीत काढली, आणि आमची खोली दोन खोल्यांच्या मध्ये. दाराशिवाय उजेडाला वाट नाही. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की यापुढे बिनखिडकीच्या खोलीत एक रात्रही काढायची नाही.

आता माझ्याबद्दल. विमा कार्यालयात कारकुनी करणारा मी माणूस, पण फ्लॅट निवडण्यात मला मान होता. एव्हरशाईनमध्ये, विरारला, नालासोपाऱ्याला माझ्या सल्ल्यानं लोकांनी घरं घेतली आहेत. बिल्डरच्या टेबलावर प्लॅन पसरला की मला लोक बरोबर न्यायचे आणि मी पेन कानामागे लावून बोलायचो. तळमजला नको, ओल आणि डास. सगळ्यात वरचा नको, स्लॅब तापते आणि गळते. रस्त्याकडचा नको, रिक्षांचे हॉर्न. जिन्याजवळचा नको, येणारे-जाणारे. कोपऱ्यातला मिळाला तर डोळे झाकून घ्या, एका भिंतीला शेजारच नसतो. माझ्या स्वतःच्या फ्लॅटखाली मोटर घरघरत होती, तरी या मानाला कधी धक्का लागला नाही. पंप रूम बिल्डरनं मागाहून आणून आमच्या डोक्याला, म्हणजे पाठीला लावली, असं सगळे धरून चालले होते. मीही तसंच सांगायचो.

तर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी ट्रॅव्हलवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी बोटीचा नकाशा समोर ठेवला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एक लांबलचक बिल्डिंग आडवी पाडून एका टोकाला निमुळती केलेली, बाकी सगळं ओळखीचं. मजले, जिने, लिफ्ट, पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. मी खिशातून पेन काढलं. खालचा मजला नको म्हणालो, वरचाही नको. पाण्याची टाकी कुठे आहे असं विचारलं, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पूर्वेची बाजू कुठली ते विचारलं. जाताना ही, येताना ती, असं त्या म्हणाल्या. म्हणजे सकाळचं ऊनही आणि संध्याकाळचंही, असा मी त्याचा अर्थ लावून खूश झालो.

आणि मग मला ती दिसली. मधल्या मजल्यावर, पॅसेजच्या अगदी शेवटी, मागच्या कोपऱ्यातली केबिन. खिडकी आहे. लिफ्टपासून लांब. एका बाजूला शेजार नाही, पुढे नुसती राखाडी मोकळी जागा. तिथून कोणी जाणार नाही, येणार नाही. इतकी चांगली केबिन अजून शिल्लक कशी, याचं मला नवल वाटलं, आणि लोकांना प्लॅन वाचता येत नाही असं स्वतःला उत्तर देऊन मी ती घेऊन टाकली.

घरी नकाशा टेबलावर पसरून मी बायकोला तासभर समजावलं. रात्रीची भांडी झाल्यावर तिनं माळ्यावरची बॅग काढून द्यायला सांगितली. शनिवारी शाळेत रजेचा अर्ज टाकून आली. गोळ्यांची पट्टी तिनं देवघराच्या खणात ठेवली, म्हणजे चुकून बॅगेत जायला नको. इतक्या विश्वासानं तिनं माझं काही ऐकल्याला बरीच वर्षं झाली होती.

रविवारी मी पश्चिमेकडच्या सांडोर गावी गेलो, तो खरं म्हणजे मिरवायला. तिथले एक काका आमच्या कार्यालयाचे जुने विमेदार. सव्वीस वर्षं परदेशी प्रवासी बोटींवर काढलेली, आधी कपडे धुण्याच्या खात्यात आणि पुढे केबिनी सांभाळायला. आता निवृत्त होऊन केळी आणि विड्याच्या पानांचे वेल लावत होते. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून ते नुकतेच आले होते, अंगात अजून इस्त्रीचा शर्ट होता. मी नकाशा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि केबिनवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मग घरात वळून काकींना चहा टाकायला सांगितलं, आणि ते ज्या सुरात सांगितलं तो मी ओळखला. डॉक्टर रिपोर्ट वाचून आधी बसायला सांगतात, तसा सूर.

"कोणी निवडली?"

"मीच."

"हे राखाडी काय आहे, साहेब?"

"काही नाही. मोकळी जागा."

"बोटीवर मोकळी जागा नसते," काका म्हणाले. "नकाशात जिथं काही लिहिलेलं नाही ना, तिथंच बोटीचं सगळं असतं."

मग त्यांनी माझंच पेन घेऊन एकेक राखाडी चौकोन भरायला सुरुवात केली. माझ्या केबिनच्या खाली इंजिन. मागे बोटीचा पंखा, पाणी कापणारा, रात्रंदिवस चालणारा. बंदराला लागताना तर तिथं ग्लासात ठेवलेला दात घासायचा ब्रशसुद्धा वाजतो. पुढच्या टोकाला जावं तर नांगर, आणि त्याची साखळी सुटते तेव्हा पत्र्याच्या घरावर दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखं होतं. नाचाच्या हॉलखाली गेलात तर उंच टाचा, आणि नाच संपल्यावर खुर्च्या ओढण्याचा आवाज. स्वयंपाकघराखाली पहाटे चारपासून गाड्या. केबिन घ्यायची तर बोटीच्या मधोमध, आणि वरही केबिनी, खालीही केबिनी अशी. "झोपणाऱ्यानं झोपणाऱ्यांच्या मध्ये झोपावं," असं ते म्हणाले. कोपरा तेवढा घेऊ नये. बोट बिल्डिंगसारखी उभी नसते, ती कोपऱ्यांतूनच हलते.

काकी चहा घेऊन आल्या. दोघं आपसात घरच्या बोलीत काहीतरी बोलले. मला निम्मं कळलं, आणि त्या निम्म्यात 'शिकलेला माणूस' एवढं होतं. मग काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, की यांना सव्वीस वर्षं मशीनजवळ झोपून अशी सवय लागलीय, की घरी शांततेत झोप येत नाही. थंडीतसुद्धा टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवतात, नुसत्या आवाजासाठी. त्या हसल्या. मी हसायचा प्रयत्न केला.

काकांच्याच फोनवरून मी ट्रॅव्हलवाल्या बाईंना त्यांच्या मोबाईलवर गाठलं. रविवार असूनही त्या बोलल्या. केबिन बदलता येईल, पण सोमवारी बारापर्यंत, त्यानंतर यादी पुढे जाते. आणि मधल्या भागात आता तीनच राहिल्या आहेत. एक आतल्या बाजूची, अगदी शांत, पण बिनखिडकीची. दुसरीला मोठी खिडकी, आणि वर नाचाचा हॉल. तिसरी मधोमध, वर-खाली केबिनी, खिडकीही आहे, फक्त त्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली.

फोन ठेवला तोवर माझ्या डोक्यात योजना तयार होती. तिसरी घ्यायची आणि घरी काही बोलायचं नाही. बोटीवर गेल्यावर खिडकीचा पडदा सारायचा आणि म्हणायचं, अरे, ही कुठून आली इथं. नकाशात तर नव्हती. मी काकांना एवढंच सांगितलं, की तिसरी घेतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षं लोकांच्या केबिनी झाडून त्यांना बहुधा माणसांच्या उशाखालचंही दिसत असावं.

"साहेब, टीचरना विचारा," ते म्हणाले. "झोप त्यांची आहे."

रिक्षात बसून रेल्वेवरचा पूल ओलांडेपर्यंत मी ते चकित चेहऱ्याचं बेअरिंग दोनदा करून बघितलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि पाणी पाहिजे का विचारलं.

घरी आलो तेव्हा बायको माझे शर्ट इस्त्री करत होती, बोटीसाठी. चार दिवसांचे सहा शर्ट. मी बसलो. उठलो. पाणी प्यायलो. तिनं विचारलं, काय म्हणाले काका. मी नकाशा उलगडला, त्यावर काकांनी भरलेले चौकोन होतेच, आणि सगळं सांगून टाकलं. इंजिन, पंखा, दात घासायचा ब्रश. तीन केबिनी, उद्या बारापर्यंतची मुदत. ती इस्त्री उभी करून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. बॅग पुन्हा माळ्यावर ठेवायला किती वेळ लागेल याचा हिशेब असावा तसा तो चेहरा होता. माझ्यानं राहवेना. स्वतःची बाजू घ्यावी म्हणून मी म्हणालो, "निदान या वेळी मी तुला आधी सांगतोय की नाही."

"या वेळी म्हणजे?"

त्याच क्षणी खाली मोटर सुरू झाली. दणका, मग घरघर. टेबलावरचा नकाशा हलकासा थरथरला. रविवार दुपार, साडेबारा, टँकर लवकर आला होता. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी त्या घरघरीत बसून राहिलो. खोटं बोलायला पुरेसा वेळ होता. अकरा वर्षं मी याच वेळेचा वापर करत आलो होतो.

मी सांगितलं. फ्लॅट घेताना बिल्डरच्या प्लॅनवर आमच्या बेडरूमखाली बारीक अक्षरात पंप रूम लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलं होतं. पण त्या बेडरूमच्या खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर दिसत होता आणि दुसऱ्या फ्लॅटमधून समोरची भिंत. डोंगराच्या मोहात पडलो, मोटर काय, कधीतरीच चालेल असं मनाशी म्हटलं, आणि तिला सांगितलं की खाली जिन्याखालची जागा आहे. डोंगरही दोन वर्षांत समोरच्या बिल्डिंगमागे गेला. राहिली ती मोटर. आणि एवढी वर्षं तिच्याबरोबर बसून मी बिल्डरला शिव्या देत होतो, तिच्याहून जास्त, आणि मनापासून.

मोटर थांबली. बायकोनं इस्त्रीचं बटण बंद केलं. अर्धवट शर्टाची घडी घातली आणि आत गेली. त्या रात्री ताट वाढलं गेलं, पण 'आणखी घ्या' म्हटलं गेलं नाही. देवघराच्या खणाचा आवाज आला. गोळी घेतली असावी. दगडासारखा झोपणारा मी त्या रात्री दोनची मोटर ऐकली, आणि चारचीही. तिला काय ऐकावं लागत होतं ते मला पहिल्यांदा कळलं, आणि कळायला फारच सोपं होतं. त्या पलंगावर जागं राहिलं की पुरे होतं.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी. तिची शाळा दुपारची. "नकाशा घ्या," म्हणाली, "आणि चला सांडोरला." रस्ताभर एक अक्षर नाही. येतेय की नाही, नाचाखाली येतेय की लाइफबोटीआड, काही कळायला मार्ग नाही. निघताना ऑफिसात फोन करून मी तासाभराची सवलत मागून घेतली होती. घड्याळात सव्वादहा.

काका बागेत होते. तिला बघून त्यांनी हात धुतले आणि ओसरीवर खुर्ची दिली. पुढचा अर्धा तास मला कोणी विचारलं नाही. तिनं शाळेच्या वहीत प्रश्न लिहूनच आणले होते. लाइफबोट वाऱ्यानं हलते का, साखळ्या वाजतात का. नाही, ती घट्ट बांधलेली असते. शेजारच्या केबिनीत जायचं मधलं दार आहे का. काकांनी भिंग घेऊन नकाशा बघितला आणि नाही म्हणाले. ते दार नसलेलं बरं, पलीकडचं खोकणंसुद्धा त्यातून येतं, हे तिला आधीच सुचलेलं बघून त्यांनी मान डोलावली. मग तिनं शेवटचं विचारलं.

"काका, लाइफबोट खिडकीच्या किती आड येते? सगळ्या की अर्ध्या?"

काका उठले. आतल्या खोलीतून वर्तमानपत्र आणलं, घडी घातली आणि ओसरीच्या बागेकडच्या खिडकीच्या गजांत खालच्या निम्म्या भागात अडकवलं. एवढी, असं म्हणाले. खिडकीच्या वरच्या भागातून केळीचे शेंडे आणि आभाळ दिसत होतं. ती उभी राहून बघू लागली. मग खुर्चीत बसून. मग तिनं पदर सावरला आणि काकींच्या ओसरीवरल्या बाकावर, त्या दोघांच्या आणि माझ्या देखत, सरळ आडवी झाली. डोक्याखाली हात घेतला. साडेदहा-पावणेअकराचं ऊन केळीच्या पानांवर होतं. ती किती वेळ तशी पडून होती देव जाणे. मी घड्याळ बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो.

"झोपल्यावर वरचंच दिसतं," ती उठून बसत म्हणाली. "मला झोपूनच बघायचंय. तिसरी सांगा."

काकांच्या फोनवरून लावला तर ट्रॅव्हलवाल्या बाईंचा फोन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. अकरा वाजून गेले. तिसऱ्यांदा लागला तेव्हा त्या म्हणाल्या की थांबा, सकाळपासून मधल्या केबिनींची मागणी चालूय, बघून सांगते. फोन हातात धरून मी उभा. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. बायको माझ्याकडे बघत नव्हती, वहीतला तो प्रश्नांचा कागद चार वेळा दुमडत होती. नाचाखालची गेली, बाई म्हणाल्या. आणखी कागद. मग म्हणाल्या की लाइफबोटवाली आहे अजून, लोकांना ती नको असते.

जाताना काकांनी तिला पानांची एक जुडी दिली. रिक्षात बसल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. ती म्हणाली की यापुढे तिच्या झोपेसंबंधी, घरासंबंधी, कशासंबंधीही जे काही बारीक अक्षरात लिहिलेलं असेल ते मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. निवडायचं काय ते ती बघेल. मी हो म्हटलं. तुम्ही नुसतं हो म्हणता, असं ती म्हणाली, आणि तो विषय तिथं संपला नाही, नुसता थांबला.

बोटीवर गेलो तेव्हा केबिन काकांनी सांगितली होती तशीच निघाली. खिडकीबाहेर अरुंद डेक, आणि त्यापलीकडे नारिंगी लाइफबोट, भली मोठी, खालची निम्मी काच खाऊन बसलेली. तिनं आधी पलंगावर आडवं होऊन बघितलं, मग चपला काढल्या. पहिली रात्र मात्र वाया गेली. केबिन इतकी शांत होती की ती मोटरची वाट बघत जागी राहिली, आणि ती जागी आहे म्हणून मी. सकाळी तिचे डोळे शाळेतल्या त्या दिवसासारखे दिसत होते. न्याहारीला तिनं नुसता चहा घेतला. मला वाटलं, झालं, गेलीच असणार हिची झोप, आणि ती माझ्यामुळे गेली हे आता दोघांनाही माहीत आहे.

दुपारी जेवून आलो आणि ती जरा पडते म्हणाली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत मासिक घेऊन बसलो. पाच-सात मिनिटांनी तिचा श्वास बदलला. मासिकाचं पान उलटायचं होतं ते मी तसंच हातात धरून ठेवलं. पंधरा मिनिटं. अर्धा तास. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. पॅसेजमध्ये सफाईची गाडी येत असल्याचं ऐकलं तेव्हा मी चवड्यांवर उठलो, इंच इंच दार उघडलं, बाहेर सटकलो आणि गाडीवाल्याला हात जोडून पुढे पाठवलं. मग पुन्हा इंच इंच आत. असं तीनदा झालं. एकदा कुणाची तरी मुलं पळत आली, एकदा पॅसेजमधल्या भोंग्यावर कसलीशी घोषणा झाली, तिचं मी काय करू शकत होतो कोण जाणे, पण बाहेर मात्र गेलो.

एक तास उलटला असेल, आणि खिडकीबाहेर ठोकल्याचा आवाज सुरू झाला. दोन खलाशी लाइफबोटीवर चढून तिच्या लोखंडी आकड्यांचा गंज खरवडत होते. ठक, ठक, ठक, काचेपासून सहा हातांवर. मी धावलो. पॅसेज, जिना, जड दार, डेक. वारा असा की माझे शब्द कोचीनच्या दिशेनं चाललेले. त्यातला एक देवगडकडचा निघाला. मी दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केली, खिडकीकडे बोट दाखवलं, पंप रूमपासून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. उद्या बेटाला लागायचं, आज हे करावंच लागतं, पण तासाभरानं येतो साहेब, असं तो म्हणाला. मी त्याचे दोन्ही हात धरले. मग परत जिना, पॅसेज, आणि दार, इंच इंच.

ती जागी होती. उशीवर डोकं तसंच, आणि डोळे वरच्या निम्म्या काचेकडे.

"बाहेर हातवारे काय करत होता?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की ठोकत होते, थांबवून आलो, आता तासभर कोणी येणार नाही, तू झोप. ती कुशीवर वळली.

"ठोकू द्या त्यांना," ती म्हणाली. "ते ठोकत होते तेव्हा मी झोपलेच होते. ते तुमचं दार आहे ना, चोरासारखं उघडता ते. त्यानं जाग येते. चारदा आली."

मी दाराकडे बघितलं. ती पुढं म्हणाली की जायचं असेल तर सरळ जावं, यायचं असेल तर सरळ यावं, आणि तिच्यासाठी म्हणून जे काय चाललंय ते बंद करावं, कारण तिला आणखी झोपायचं आहे. बोलता बोलताच तिचे शब्द जड झाले. शेवटचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर. तिला असं झोपलेलं मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा डेकवर गेलो आणि देवगडकराला म्हटलं, चालू द्या काम. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जोडीदाराकडे बघितलं, आणि हातोडी उचलली. ठक, ठक सुरू झालं. मी काचेतून आत डोकावलो. ती हलली नव्हती.

केबिनीत येऊन मी पाकीट घेतलं, चष्मा घेतला, दाराची मूठ चांगली खटकन फिरवली, दार धाडकन ओढून घेतलं आणि चहा प्यायला वर गेलो.